उलट्या डोक्याचा ट्रायलोबाइट

५ फेब्रुवारी
तो दातांचा डॉक्टर आज पुन्हा आमच्या जीवाश्मांच्या दुकानात! गिऱ्हाईक कसलं, गोचीड! खिशातून ट्रायलोबाइट काढून थेट तिच्या, म्हणजे आमच्याकडे जीवाश्म साफ करणाऱ्या मुलीच्या, टेबलावर ठेवला. "साफ तुम्हीच करायचा हं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही." दुसरा कुणी म्हणजे मी. ती हसली. काय गरज होती हसायची?

६ फेब्रुवारी
लग्न करीन तर तिच्याशीच. तिला अजून माहीत नाही.

७ फेब्रुवारी
मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रातला किडा, दगड झालेला. विकणारे लबाड दोन तुटके चिकटवून एक अख्खा करतात, तेव्हा डोकं आणि अंग जुळतंय का ते बघ. आणि वस्तू फुटली की नोकरी सुटली!
आज ती आत गेली तेव्हा बघितलं. डॉक्टरच्या किड्याचं अंग सरळ, डोकं मात्र उलटं! धडधडीत बनावट! मोठा संग्राहक म्हणे. आता तिच्यासमोर याची जिरवतोच.

८ फेब्रुवारी
ती जेवायला गेल्यावर तिच्या जागी बसलो. भिंगातून डिंक कुठे दिसेना. नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं — काही सुटेना. तिथेच थांबायचं ना! पण डोळ्यांसमोर डॉक्टरचे ते पांढरेशुभ्र दात. जोडात सुई घालून दाबली.
टच्!
डोक्याचा भुगा.
ती दारातच उभी होती. "डिंक नव्हता ना?"
"नाही."
"कात आहे रे ती. किडा नाहीच, नुसती टाकलेली कात. ती टाकताना या जातीचं डोकं असंच उलटून पडतं. इतकी चांगली मी पहिल्यांदाच बघत होते."
म्हटलं, मालकांना सांगतो आणि नोकरी सोडून जातो! आवाज चढला माझा. ती म्हणाली, "ओरडू नकोस. कॉलेज सोडलंस, आता हेही सोडून जाणार कुठे?"

९ फेब्रुवारी
बोलत नाही माझ्याशी. तुकडे कागदात गुंडाळून ठेवलेत. मालक परगावी, परवा येतील. मीच सांगणार. काय व्हायचं ते होऊ दे!

११ फेब्रुवारी
मालकांनी विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत ती बोलून मोकळी — "माझ्या हातून फुटला." दुपारी आपले ब्रश उचलून गेली.
मालक म्हणाले, "उद्यापासून तिच्या टेबलावर तू बस."
मी "बरं" म्हणालो.