वाचनालयाची भिंत

प्रिय रंगोबा,

टक्... टक् टक्. रंगाच्या डब्याच्या काठावर तू ब्रश झटकायचास, तो आवाज आज दिवसभर कानात आहे. मी शिडी धरून चौथीतली ती पाखरांची कविता म्हणायचो आणि तू तिच्या चालीवर ब्रश आपटत वाचनालयाच्या भिंतीवर एकेक ओळ उतरवायचास. एका झाडावर नाना रंगांची पाखरं, आणि झाड कुणालाच नाव विचारत नाही. शिकवताना बाई रडल्या होत्या, आठवतं? आपण मेले बाकाखाली तोंड घालून हसत होतो. तुझा 'ळ' तर असा, की वाटावं दोन थेंब एकमेकांना बिलगलेत. लोक पुस्तक बदलायला यायचे आणि भिंतच वाचून परत जायचे.

आज आपल्या गल्लीत 'कलेतून सलोखा' महोत्सवाचा पहिला दिवस होता. छातीवर बिल्ला लावून मला सकाळपासून खुर्चीत बसवून ठेवलं होतं. आधी मुलांची चित्रं. जिकडे बघावं तिकडे पांढरी कबुतरं. एकाच्या हातून कावळा उतरला होता, तो मागच्या रांगेत लावलेला. दुपारी पथनाट्य. चार पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. मुळात भांडली कशावरून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग प्रमुख पाहुणे आले. कोण, सांग बघू. आपला वखारवाला! तोच, ज्याने तुझ्या दुकानासमोर माणसं उभी केली आणि तुला सांगितलं, तुमच्या लोकांत जा आणि तिकडे पाट्या रंगव. आता केस पिकलेत, हातात काठी आहे, तोंडात साखर आहे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो कसा, काय मास्तर, कविता पाठ आहेत ना अजून? मी कधी मास्तर नव्हतो, हेही त्याला ठाऊक नाही.

संध्याकाळी सगळ्यांनी भिंतीवर हाताचे ठसे उमटवायचे आणि मी तिथे आपली कविता म्हणायची, असं ठरलं होतं. जाऊन बघतो तर भिंत कोरी. रंगोबा, कोरी! मी संयोजक पोरीला विचारलं, अगं, अक्षरं कुठे गेली? पोरगी गोड आहे. माझा दंड धरून म्हणाली, आजोबा, फार कळकट दिसत होती हो, कालच पांढरा रंग मारून घेतला. पहिला ठसा वखारवाल्याचा. निळा. बरोबर तुझा 'ळ' होता तिथे. टाळ्या पडल्या.

मी माईक घेतला. कविता म्हटली नाही. म्हटलं, या पांढऱ्या रंगाखाली एका माणसाची अक्षरं आहेत, आणि त्याला या गल्लीतून ज्याने हाकललं, त्याचा हात अजून ओला आहे. पुढचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नाही. माईक बंद केला होता. निवेदक म्हणाला, आजोबा जरा भावुक झालेत, आज आपण छान छान बोलूया. सूनबाईने मला घरी आणलं. वाटेत म्हणाली, कशाला वाईटपणा घेता, बाबा? आपल्याला इथेच राहायचंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुला आमंत्रण धाडलंय म्हणे; एव्हाना पोचलंही असेल. रविवारी समारोपाला तुझा सत्कार आहे, वखारवाल्याच्या हस्ते. नंतर मिठी. तुम्ही दोघांनी कुठे उभं राहायचं, तिथे फोटोवाल्याने खडूने फुलीसुद्धा मारून ठेवलीय. दर पत्रात तू विचारतोस, अक्षरं फिकी पडली का रे? मी लिहितो, थोडी. या वेळी लिहितो, नाहीत. म्हणून येऊ नकोस. त्यांना तू नकोयस लेका, तुझी मिठी हवीय. तुला माझी शपथ

दार वाजतंय. सूनबाई स्वयंपाकघरात आहे, मुलाची यायची ही वेळ नव्हे. टक्... टक् टक्. चालीवर. पडदा सरकवून बघितलं. पायरीवर तू उभा आहेस. कोट नवा, भांग पाडलेला, आणि काखेतल्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले ब्रश डोकावताहेत. कडी काढायच्या आधी सही करतो.

तुझाच,
कवड्या