रिक्षातली मावशी

माय, लिंबायतच्या आपल्या गल्लीतली शेजारची मावशी आता तिथे राहत नाही. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासारखी मीच उरले आहे. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता. तू गेल्याचा निरोप किराणा दुकानातल्या फोनवरून गावाला गेला होता. आता दिवसभर फोन माझ्या हातात असतो. समोर जे दिसेल ते त्यात उतरतं आणि पाहता पाहता अनोळखी माणसांच्या हातात जाऊन पोचतं.

दुपारची जेवणं उरकली की तू आणि मावशी दारापुढच्या ओटल्यावर साडी पसरून बसायचात. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला ती, मधे गोंदाची वाटी. एकेक चमकता खडा चिकटवत तुम्ही साडीच्या मध्यापर्यंत यायचात, तरी तुमचं बोलणं संपलेलं नसायचं. मावशी एका पायाने लंगडायची. मी दहा-अकरा वर्षांची असेन, एका दुपारी गल्लीतल्या मुलींना तिची चाल करून दाखवली. मुली हसल्या, म्हणून पुन्हा करून दाखवली. तू कधी मागे येऊन उभी राहिलीस ते मला कळलंच नाही. मला वाटलं, मारशील. तू दंडाला धरून मला मावशीपुढे नेलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, "आते तिना समोर करी दखाड." माझा पाय उचलेना. जाऊ दे, पोर आहे, असं मावशीच म्हणत होती. तू ऐकलं नाहीस. मी रडेपर्यंत मला तिथे उभं ठेवलंस आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मावशीने मात्र त्याच दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

तुझ्या शेवटच्या चार महिन्यांत तुझी वेणी तीच घालायची. केस कंगव्याला लागून मूठ मूठ यायचे. तुला दिसू नयेत म्हणून ती ते पदरात लपवायची आणि वर म्हणायची, तुझे केस अजून माझ्यापेक्षा दाट आहेत. मी दाराशी उभी राहून पाहत होते. तू गेल्यावर वर्षभर माझी वेणीही तिनेच घातली, मी लग्नाच्या वयाची झाले होते तरी.

लग्नानंतर मी गोडादऱ्याला आले. इथे बिल्डिंग आहे, ओटला नाही. दारं बंद असतात. कोणाकडे काय शिजलं, कोण आजारी आहे, सगळं ग्रुपवर कळतं. वाढदिवस असला की फुलांची चित्रं येतात, माणूस येत नाही. तुझे जावई मार्केटातून थकून येतात आणि ताट पुढ्यात घेऊन फोन बघत जेवतात. पोरगी कॉलेजातून आली की कानात फोनच्या गोळ्या घालून बसते, विचारलं तर गुजरातीत एखादा शब्द टाकते. तक्रार करत नाही मी, मीही तशीच झाले. घरून थोड्या साड्या विकते, त्यांचे व्हिडिओ टाकते. साडी अंगावर लावून, हसून बोलायचं. बघणारे वीस-पंचवीस. टाकल्यावर दर थोड्या वेळाने मी आकडा बघायचे. भाजी फोडणीला टाकूनही बघायचे. आकडा हलला नाही की दिवसच वाया गेल्यासारखा वाटायचा. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची साडी द्यायला लिंबायतला गेले होते. भर दुपार होती. नाक्यावर रिक्षा उभी, भोवती दहा-बारा माणसं. आत मावशी बसलेली. ती उतरत नव्हती. रिक्षावाला आपला धाकटा दीर आहे असं समजून, लग्नाला आला नाही म्हणून ती त्याला रागावत होती. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "तुले लगनले बलायं व्हतं ना, का बरं नही उना?" रिक्षावाला आधी गोंधळला, मग लोक हसताहेत हे पाहून तोही उत्तरं द्यायला लागला. चुकलं वहिनी, रजा मिळाली नाही. त्यावर ती आणखी तावातावाने बोलायची. तिला विसरायला होतंय हे मला ठाऊक होतं, माय. तिच्या सुनेने दिवाळीतच सांगितलं होतं. तरी मी पुढे झाले नाही. फोन काढला आणि समोर धरला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असतं की नाही, कोण जाणे, माझ्या तोंडासमोर फोन होता. शेवटी रिक्षावाल्यानेच तिचा हात धरून तिला घरी सोडलं. मी साडी देऊन परत आले.

पोरीला दाखवलं तर ती पोट धरून हसली. किती दिवसांनी आम्ही दोघी एका फोनवर वाकून बसलो होतो. तिनेच त्यावर बँडबाजाचं गाणं चढवलं. मी म्हटलं, कोणाचं घर ओळखू यायला नको, माझ्या नावाने तर नकोच. तिने दुसरंच कुठलं तरी नाव घालून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात धावत आली, "मम्मी, आ तो वायरल थई गयो." आकडा मला वाचताच येईना.

मग ते वाक्य लिंबायतभर झालं. मावशी दाराबाहेर आली की पोरं ओरडायची, लगनले का नही उना? मोठी माणसंही विचारायची. तिला चिडवताहेत हे तिला कळायचंच नाही. ती थांबायची आणि प्रत्येकाला नीट उत्तर द्यायची. बाबा, मी तर आले होते, तूच दिसला नाहीस. पाठीमागे हसू फुटायचं तेव्हा ती पाहत राहायची. हे मला तिच्या सुनेने सांगितलं, मी भेटायला गेले तेव्हा. कबूल करायचं असं ठरवूनच गेले होते. सून रडत म्हणाली, ज्याने कोणी काढला तो व्हिडिओ त्याचं कधी भलं होणार नाही. मी चहा प्यायले.

मावशी खाटेवर बसली होती. सुनेने फोन तिच्यापुढे धरला. म्हणाली, बघा, तुम्हाला बाहेर जाऊ नका म्हणते ते यासाठी. मावशीने सबंध व्हिडिओ पाहिला. हसली नाही, रागावलीही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाई बाई कोन शे? सम्दा हसी ऱ्हायनात. हिले कोनी घर का नही लई जात?"

सुनेने फोन उलटा करून ठेवला.

पुढच्याच महिन्यात तिच्या मुलाने तिला बारडोलीला आपल्या बहिणीकडे पोचवलं. तिथे घराला फाटक आहे, त्याला कुलूप असतं. ती दिवसभर फाटकाशी बसते म्हणतात. मी पोरीला सांगून व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कितीतरी जणांनी आपापल्या नावाने टाकला होता. आजही कधी बोट फिरवता फिरवता ती अचानक समोर येते, रिक्षात बसलेली. मी दोनदा बारडोलीला जायला निघाले. एकदा तर बसमध्ये बसलेही होते, सुटायच्या आधी उतरले.

हे फोनवर लिहिलं नाही, पोरीच्या जुन्या वहीत लिहिलंय. कुठे पाठवायचं आहे असं नाही. सुनेला देता आलं असतं, पण देणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. आणि एक, माय. आकडा वाढत होता त्या दोन दिवसांत मला फार बरं वाटलं होतं. तू गेल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.