वन्सं, तो खडाच होता

मुलुंड,
२० जानेवारी १९५७

ती. सौ. वनमालावन्सं यांना कुंदाचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठीक. पेणला थंडी फार आहे का? भावोजींचा खोकला कसा आहे? (तुमच्या दाढेची चौकशी इथे मुद्दाम करत नाही, सगळं पत्र तिच्याबद्दलच आहे.)

गेल्या गणपतीत माझ्या हातचा भात खाताना तुमची दाढ तुटली, तेव्हा मी सगळा दोष वाण्यावर ढकलला. तुम्ही एवढंच म्हणालात, “कुंदा, डोळे दाखव कुणाला तरी.” याचा मला इतका राग आला, की चाळीत चार घरी जाऊन मी तुमच्या दाढाच मुळात कच्च्या आहेत असं सांगून आले. (पाचव्या घराला कुलूप होतं.) सहा वर्षं चष्मा वापरणाऱ्या मास्तरणीला डोळे दाखव म्हणायचं म्हणजे काय!

तर झालं असं. आमच्या शाळेतल्या तीस मुलांना फळ्यावरचं दिसत नाही, आणि महिला मंडळ त्यांना चष्मे करून देणार आहे. स्टेशनजवळ चष्म्याची दुकानं तीन. काम कुणाला द्यायचं यावर दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी अध्यक्षा जयंतीबाई म्हणाल्या, एकीने गिऱ्हाईक म्हणून गुपचूप तिन्हीकडे जावं आणि कोण कसं तपासतं ते बघून यावं. अनुभवी म्हणून मला निवडलं. मीही पदर खोचून निघाले.

पहिल्या दुकानदाराने माझा जुना चष्मा हातात घेतला, उलटसुलट केला आणि तोच नंबर पुन्हा लिहून दिला. माझ्या डोळ्यांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्याकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मी बसल्या बसल्या, माझ्या आधीच्या बाई मोठ्याने वाचत होत्या ते ऐकलं आणि पाठच झालं. (तिसरीच्या वर्गाला बारा वर्षं पाढे म्हणायला लावल्यावर दुसरं काय होणार?) माझी पाळी आल्यावर शेवटची ओळसुद्धा धडाधड म्हटली. “बाई, तुमचे डोळे सोळा वर्षांच्या मुलीचे!” असं तो म्हणाला, आणि काम यालाच द्यायचं हे मी तिथेच ठरवून टाकलं.

तिसरं दुकान गिरणीच्या बाजूचं, अनंतरावांचं. तिथेही तोच छापील तक्ता, धूळ बसू नये म्हणून त्यावर फडकं टाकलेलं. “वाचा,” एवढं ते म्हणाले मात्र, आणि मी वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. फडकं अजून त्यांनी काढलंच नव्हतं.

ते हसले नाहीत. “पाठांतर झकास आहे. आता हे निवडा,” म्हणून त्यांनी माझ्यापुढे तांदळाची थाळी सरकवली. त्यांच्याकडे भाजीवाल्या, म्हाताऱ्या येतात. त्यांना कुठली अक्षरं वाचायला लावणार? म्हणून थाळीत ते मोजून अकरा खडे टाकतात. मला चार सापडले. मग माझ्या डोळ्यांवर चौकट चढवून तिच्यात काचा बदलत बदलत त्यांनी पुन्हा निवडायला लावलं, आणि अकराच्या अकरा सापडले. वन्सं, मी तिथेच रडले. माझी मुलंही रांगेत उभी राहून पुढच्याचं ऐकून तक्ता म्हणून दाखवणार होती, आणि मी ‘दिसतं ना, मग लिही!’ म्हणून त्यांनाच रागावणार होते.

काम अनंतरावांना दिलं. माझा नवा चष्मा आला, आणि चाळीत त्या चारही घरी जाऊन, तो खडाच होता आणि माझाच होता, असं सांगून आले. तुम्ही बोलला नसतात तर त्या थाळीपुढेही मी दोष वाण्यालाच दिला असता. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमची,
कुंदा

ता. क. अक्षर एवढं टपोरं का काढलंय, हे तुम्ही ओळखलं असेलच. तुमचं मागचं पत्र भावोजींच्या हातचं होतं.

ता. क. २ संक्रांतीचे तिळाचे लाडू पोचले. छान झालेत. एका लाडवात दोन खडे निघाले. पत्रात लिहावं की नाही यात चार दिवस गेले. मग वाटलं, तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलंत, तर मी का गप्प बसू? येत्या रविवारी या. अनंतरावांना थाळी तयार ठेवायला सांगितली आहे.