कवळीने घेतलेली जीवनसत्त्वं

ताई, तुम्हाला वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, उरलेला समजून घ्यावा).

पायाची सूज उतरली का? आणि कानाचं यंत्र लावता का, की अजूनही ‘उगाच सेल संपतो’ म्हणून डबीत घालून कपाटात ठेवता? तुमच्या लेकाने ते हौसेने आणलं ते कपाटाला ऐकू यावं म्हणून नव्हे. फोनवर मी घसा फोडून ओरडायचं, तुम्ही नुसतं ‘हो, हो’ म्हणायचं आणि माझी खुशाली शेजाऱ्यांना कळायची, त्यापेक्षा पत्र बरं.

मी ठीक आहे. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.) खरं म्हणजे हिरड्यांतून रक्त येतं आणि खालचा पुढचा एक दात हलतो. ज्याने जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्या, त्याचाच दात हलावा यावर तुमची बहीण पोट धरून हसली असती. ती नाही, म्हणून हसायचं काम मीच उरकायला गेलो, पण आरशासमोर एकट्याने हसणं काही जमत नाही.

शेवटी ज्यांच्या दवाखान्यासाठी मी कवळ्या करायचो, त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. इतकी वर्षं मागच्या दाराने, हातात कवळ्यांचा डबा घेऊन जात होतो, या वेळी पुढच्या दाराने जाऊन खुर्चीत आडवा झालो. त्यांनी विचारलं, काय खाता? म्हटलं, सगळं खातो. मग सकाळी काय खाल्लं? चहा-बिस्किट. दुपारी? मी छताकडे बघायला लागलो. रात्री? चहा-बिस्किट (पण बिस्किट वेगळं, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं). बाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि तपासणीचा कागद आल्यावर माझी जी हजेरी घेतली, ती तुम्ही यंत्राशिवायही ऐकली असती. दातांसाठी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या हाडासाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस लागतं, ते कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं, आणि हिरडी घट्ट राहायला ‘क’ लागतं, ते नसलं की हिरडी सुजते, रक्त येतं, दात सैल होतात. म्हणाल्या, ‘काका, हिरडी बरी नसेल तर तुम्ही कवळीचं माप तरी घेता का? मग स्वतःच्या तोंडाचे असे हाल का केलेत?’ तोंडात त्यांचा आरसा होता, ही मोठी सोय झाली.

काय सांगणार होतो, ताई? तुम्हाला माहीतच आहे, कवळी आल्यावर हिला पेरू चावता येईना. (कवळी मी केलेली, त्यामुळे सगळा दोष माझा. हिचा मूळचा पुढचा दात जरा तिरका होता, म्हणून मी कवळीतलाही तिरकाच बसवला. त्यावरून आधी रुसली, मग आरशात बघून म्हणाली, ‘असू दे, मीच आहे ही.’) तरी रोज चार वाजता पेरू कापून माझ्यापुढे ठेवायची आणि समोर बसून माझा चावण्याचा आवाज ऐकायची. नुसत्या आवाजावरून सांगायची, कच्चा आहे की पिकलेला, आणि एकदाही चुकली नाही. तिचा पेरू खाऊन व्हायचा तो असा. ती गेल्यापासून मी पेरू आणलाच नाही. सगळ्या घराला ऐकू जाईल एवढा आवाज करून एकट्याने खायचं तरी कशाला? बिस्किट चहात बुडवलं की आवाज होत नाही.

आता फजिती ऐका. बाईंनी दात साफ करून दिले, कॅल्शियम आणि ‘ड’च्या गोळ्या दिल्या आणि ‘क’साठी पाण्यात टाकून प्यायच्या फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी दिली. इमानेइतबारे नळी संपवली, तरी रक्त थांबेना. बाई चक्रावल्या, म्हणाल्या नळी घेऊन या. नेली, तर ती कवळी धुण्याच्या गोळ्यांची निघाली! तीही तशीच लांब आणि तशीच फसफसणारी. म्हणजे मी हे पीत होतो की काय, या धसक्याने बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी धीर दिला, की पहिल्याच घोटाला तोंड साबणासारखं झालं आणि मी थुंकलो. औषध असंच वाईट असतं असं समजून रोज तेवढी एक चूळ मात्र भरत होतो. मग ‘क’ जीवनसत्त्व गेलं कुठे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते रोज कवळीला मिळत होतं. तरीच म्हटलं, वाटीतलं पाणी नारिंगी कसं होतंय!

‘कवळी? तुमच्या तोंडात तर सगळे दात आहेत. मग ही कोणाची?’ बाईंनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. ही गेली त्या दिवशी इस्पितळातून हिचा चष्मा आणि कवळी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली होती. चष्मा मी घडी करून ठेवला. कवळी रोज झोपण्याआधी धुतो, पाणी बदलतो, गोळी टाकतो. बाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या पाठ फिरवून बराच वेळ धुतलेलीच हत्यारं पुन्हा धूत बसल्या. मग म्हणाल्या, नवी नळी देते, पण खरं औषध बाजारात मिळतं, रोज एक पेरू खा, हा दात वाचेल अजून.

तर ताई, काळजी नसावी. घरच्यांना आशीर्वाद सांगा.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. तुम्ही मागे लिहिलं होतं तसं हिचे कपडे देऊन टाकले. कवळीही पुसून कपाटात ठेवली. माणसाने किती दिवस धरून बसायचं!

आणखी एक. कवळीबद्दलची वरची ओळ खोटी आहे. ती पाण्यातच आहे. कोरडी पडली की वाकडी होते, हे धंद्यातलं साधं ज्ञान आहे. आता ती कोणी घालणार नाही, हेही मला कळतं, पण वाकडी झालेली बघवणार नाही.

शेवटचं. पेरू आणलाय. दोन दिवस ताटलीत तसाच आहे. पत्र मिळालं की कळवा, त्या दिवसापासून रोज चार वाजता फोन करत जाईन. बोलायचं काही नाही. फक्त यंत्र कानाला लावून बसा, आणि मी चावलं की एवढंच सांगा, कच्चा आहे की पिकलेला.