दोनशे वॉटचा डबा आणि मागच्या खोलीतली बाई

४ मार्च, मंगळवार
खोटं बोलले! लेकीचा फोन आला होता. तिने बनवलेला पहिलावहिला गेम आठवड्यापूर्वी बाहेर आला. "आई, खेळलीस का?" मी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला काजं करत होते. तोंडातून निघून गेलं, "खेळले की! छान आहे हं!" तर म्हणते, "मग रविवारी सांग, मागच्या खोलीतली बाई कशी वाटली."
कोण बाई? धावत जाऊन गेम उघडला. पडद्यावर पाटी— तुमच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड नाही. झालं! चार दिवस हातात.

५ मार्च
ह्यांना सांगावंच लागलं. "तुझं ठरलेलंच! न बघता छान!" मग डबा उघडून बसले. आयता जोडलेला कॉम्प्युटर, आतला वीजपुरवठा जेमतेम दोनशे वॉटचा. "मोठं कार्ड लावलं तर मान टाकेल हा." म्हटलं, फ्रिज बंद ठेवू, तेवढी वीज ह्याला मिळेल. पस्तीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स!
शेवटी कमी वीज खाणारं, वेगळी वायर न लागणारं कार्ड सापडलं. कागदावर सगळं लिहून मला दाखवायला आणलं. मी मशीनवर होते. "छान आहे हं," म्हटलं.

६ मार्च
कार्ड आलं. बसेना! डब्यात जागा नऊ सेंटिमीटर, कार्ड अकरा. "कागद दाखवला होता ना? मापं तुझं खातं!" चाळीस वर्षं जगाची मापं घेतेय आणि घरातला कागद वाचला नाही. डबा उसवून थोडा मोठा होईल का, हे विचारणार होते. गिळलं.

७ मार्च
हे दुकानात जाऊन कार्ड बदलून आले. दुकानदार म्हणाला म्हणे, "काका, आधी मोजायचं ना!" त्याचा राग माझ्यावर.

८ मार्च, शनिवार
बुटकं कार्ड बसलं. स्क्रू मी पिळले— ह्यांना जवळचं नीट दिसत नाही, पण कबूल करतील तर शपथ! बटण दाबलं. पडदा काळाठिक्कर. "वीज पुरत नाहीये." तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर. चेहरा एवढासा झाला बिचाऱ्यांचा.
मग मी चष्मा पुसला, डब्यामागे वाकले आणि एकेक वायर बोटाने धरत गेले. पडद्याची वायर जुन्याच भोकात! नव्या कार्डाला जोडलीच नव्हती. आणि म्हणे वायरमन! मी चकार शब्द काढला नाही.
काढला. बरेच काढले.

९ मार्च, रविवार, सकाळ
चाललं! गेममध्ये एक छोटी मुलगी. घरभर हिंडून वस्तू गोळा करते आणि मागच्या खोलीत नेऊन दाखवते. तिथे एक बाई शिवणयंत्रावर, पाठमोरी. चाकाला लाल चिंधी बांधलेली. माझ्या मशीनला आहे तशीच.
शिंपला दाखवला. बाई मान वर न करता म्हणाली, "छान आहे हं!" चित्र दाखवलं. "छान आहे हं!" हे खो खो हसले. मग माझ्याकडे बघून एकदम थांबले.
मोरपीस, बटण, पतंग, पडलेला दात. तेच! सहाव्या वेळेनंतर मला पुढे खेळवेना. फार लागलं मनाला.

९ मार्च, दुपार
मीच फोन केला. खोटं कबूल केलं. "माहीत होतं," म्हणाली. "त्या डब्यावर तो चालतच नाही. मग? आता कुठवर आलीस?" मी सांगितलं. "आई, अजून एकदा दाखव ना तिला."
दाखवलं. मशीन थांबलं. बाईने चष्मा पुसला आणि वळली.
"आण इकडे, बघू."