डाव्या हाताचा हातमोजा

४ तारीख, सोमवार

अठरा वर्षं या प्रयोगशाळेतल्या काचा धुतेय मी! एक नळी फुटली नाही माझ्या हातून. आणि मोठ्या बाई चहाला हाक कोणाला मारतात? त्या चष्मिशला. येऊन चार महिने नाही झाले! माझा कप मोरीवर. "मावशी, तुमचा तिकडे ठेवलाय." ठेवा.

५ तारीख

चष्मिशने दोन बाटल्या दाखवल्या. म्हणे आतला माल एकच, कण तेच आणि तेवढेच, फक्त घडण उलटी — डाव्या-उजव्या हातासारखी. मी म्हटलं, "मग वास वेगळा कसा? हिला पुदिन्याचा, तिला शहाजिऱ्याचा."

उडालीच! "अहो मावशी, इथे वास घ्यायचा नसतो!" मग हसत माझा धुण्याचा डावा हातमोजा स्वतःच्या उजव्या हातात कोंबला. अंगठा भलतीकडे. "नाकातही असंच. हिची जागा वेगळी, तिची वेगळी."

तेवढ्यात बाई आल्या. "किती सोपं करून सांगतेस गं!"

वास मी ओळखला, शाबासकी तिला!

६ तारीख

आज जे केलं ते इथेही लिहिणार नाही.

९ तारीख, शनिवार

तीन दिवस चष्मिशचं मिश्रण नुसतं ढवळतंय. ढिम्म! पुदिन्यावालीच हवी म्हणे, दुसऱ्या द्रव्याच्या खोबणीत तीच बसते. बाईंनी यंत्रावर तपासलं — बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल, हिची तिला आणि तिची हिला. तडकल्या तिच्यावर. "साधी चिठ्ठी लावता येत नाही?"

तिलाही चहाला हाक नाही. मी मोरीवर दोन कप प्यायले. घरी नवरा म्हणतो, "आज गुणगुणतेयस? तब्येत बरी आहे ना?"

११ तारीख

बाई येत्या शनिवारी तिला कामावरून काढणार. काढणार! मला वाटलं, चार शब्द बोलतील. एकच माल, काय बिघडणार?

तिने डोळे पुसले आणि माझ्या हातातल्या नळ्या धरल्या. "द्या मावशी, जड आहेत."

मेली, रडताना तरी चांगुलपणा सोडावा!

१२ तारीख, मंगळवार

माझ्या डाव्या हातमोज्यात कागद. चष्मिशचं अक्षर —

"मावशी, चिठ्ठीच्या डिंकात धुण्याच्या खडबडीत हातमोज्याचा अंगठा उमटलाय. डाव्या हाताचा. इथे डावरं कोण, मला ठाऊक आहे. बाईंना दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. तुम्ही सांगताय, की मी सामान आवरू? शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर द्या."