उशीर पॅडचा की हाताचा?

मुरबे, ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. मेघालीस, विश्रामकाकाचे अ. उ. आ.

तू दिलेला लॅपटॉप घेऊन जा. त्याला जोडलेल्या पॅडवर काठी मारली की ढोलाचा आवाज मागाहून येतो, जेवणं आटोपल्यावर पाहुणा यावा तसा. फोनवर तू मला शांत व्हा म्हणतेस आणि मी आणखी भडकतो, म्हणून ही चिठ्ठी मंदाकाकीच्या मासळीच्या टोपलीतून बोईसरला धाडतोय. लकव्याचा झटका आल्यापासून खरा ढोल पेलत नाही, म्हणून तर हे पॅड. आता आमच्या बेंजो पार्टीचा ज्ञानेश म्हणतो, तुमचा हात मागे पडतो, हळदीला दुसरा माणूस बघू. तुझ्या हळदीला! दोष मशीनचा आहे. दुरुस्त कर.

लोभ आहेच, डोकं मात्र ठिकाणावर नाही.
विश्रामकाका

बोईसर, ता. ६ नोव्हेंबर

ती. काकांस, मेघालीचा सा. न. वि. वि.

चिठ्ठीला बोंबलाचा वास होता, रागाचा त्याहून जास्त. लॅपटॉप आवाज सोडण्याआधी थोडा साठवून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. सेटिंगमध्ये तो आकडा कमी करा. आवाज फाटायला लागला की एक पायरी वर जा. आणि स्पीकरला वायर लावलीय ना? बिनवायरीचा असेल तर तोच आवाज अडवून धरतो. हळदीला तुम्हीच वाजवायचं, दुसरं कोणी आलं तर मी मांडवात बसणार नाही.

काकीला नमस्कार. माया असू द्या.
मेघाली

मुरबे, ता. ९ नोव्हेंबर

चि. मेघालीस, अ. उ. आ.

आकडा उतरवला तर तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. एक पायरी चढलो, तडतड थांबली, उशीर आहेच. स्पीकर बिनवायरीचाच आहे. हळदीत बायका बेभान नाचतात, वायर पायात आली की कोणीतरी पडणारच. काकी म्हणते, हाताला काय नाय झालं, डोकं तपासा. या घरात मला कोणी विचारत नाही.

रागावलीस तरी विसरू नकोस.
विश्रामकाका

बोईसर, ता. ११ नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न.

कपाळ माझं! घरात एकटे वाजवताना कोण नाचतंय? कंपनीतून शिफ्ट करून येते आणि तुमच्या स्पीकरची काळजी करत बसते. पत्रासोबत वायर पाठवतेय. आजच्या आज लावा.

रागातही तुमचीच,
मेघाली

मुरबे, ता. १५ नोव्हेंबर

चि. मेघालीस, अ. उ. आ.

खरं सांगतो, वायर माझ्याकडे आधीपासून होती. लावत नव्हतो. ती लावूनही उशीर झाला असता, तर दोष द्यायला मशीन उरलं नसतं. त्याची मला भीती वाटत होती.

आज लावली. उजव्या हाताची काठी पडते तिथेच आवाज. डावा हात मात्र मागे आहे पोरी. आतापर्यंत मशीनच्या उशिरात तो लपून जात होता. मी काठ्या खाली ठेवल्या आणि रडलो. काकी जवळ येऊन बसली.

संध्याकाळी ज्ञानेशला बोलावून सांगितलं की तुझं बरोबर होतं, दुसरा माणूस लागेल. पण माझ्या जागी नाही, माझ्या डाव्या बाजूला. तो स्वतःच बसतो म्हणाला. तुझ्या हळदीला मी उजव्या हाताने वाजवणार.

आहे तशीच माया ठेव.
तुझा विश्रामकाका